डिस्कचा जुना प्रकार

४ मार्च
डेटाची कॉपी अर्ध्यावर थांबली. डिस्क भरली म्हणे! जुन्या मेनफ्रेमवर जे नीट मावत होतं, ते नव्या सर्व्हरवरच्या आभासी डिस्कवर मावेना. कॉपी सुनेत्राने लावली होती. आमचे विभागप्रमुख वालियासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "जगह तो देख लेतीं, मॅडम."

५ मार्च
सुनेत्राला मेमो. चौकशी होईपर्यंत तिची पुण्याची बदली रोखली. नवरा, श्रीनिवास, आधीच तिकडे फ्लॅट लावून बसलाय.
अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर. या हिंदी-पंजाबी ऑफिसात मराठी बोलायला तेवढी एकच. बदली थांबल्याचं ऐकून पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू?

६ मार्च
नवी डिस्क कशी बनवायची, त्याचा तक्ता मी भरला होता. आज उघडून पाहिला. प्रकार — ३३८०, जुना. हवा होता ३३९०.
३३९०च्या एका ट्रॅकवर, म्हणजे डिस्कच्या एका वर्तुळावर, आपले डेटाचे दोन ब्लॉक बसतात. ३३८०चा ट्रॅक लहान — एकच बसतो, उरलेली जागा वाया. डिस्क अर्ध्यात भरणारच.
नागपूरला पहिल्या नोकरीत ३३८० हा आकडा दिवसातून वीसदा लिहायचे. मशीन रूम थंडगार. मे महिन्यात स्वेटर घेऊन निघाले की आई हसायची. पस्तीस वर्षं झाली, पण बोटांनी तोच आकडा टाकला.
कुणी तक्ता उघडलेला नाही. निवृत्तीला पंचवीस दिवस.

७ मार्च
बोलले नाही. घरून, मनीमाजऱ्याहून येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती, तिच्यासमोर एकही निघेना. तिने थालीपीठ पुढे केलं. "खा गं. तोंड काय पाडलंयस? मेमो मला मिळालाय."

१० मार्च
शाळेत चूक झाली की सिस्टर बाकावरून उठून स्वतः सांगायला लावायच्या. आज तशीच उठले. तक्ता वालियासाहेबांसमोर ठेवला.
त्यांनी ३३८०वर बोट ठेवलं. "आप? जाते-जाते ये क्या कर दिया आपने?" मेमो आता माझ्या नावावर.
डिस्क पुसली, ३३९० म्हणून नव्याने बनवली. सव्वातीनला कॉपी पूर्ण झाली. सुनेत्रा पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

११ मार्च
तिचा बदलीचा हुकूम आला. मी अभिनंदन म्हटलं.
ती म्हणाली, "कॉपी लावायच्या आधी मी तक्ता पाहिला होता, कांचन. ३३८० दिसला होता मला."
मग कागदाची घडी घालत, "बदलीचा अर्ज श्रीनिवासने लिहिला होता. मला कुठे जायचं होतं?"