पाठमोरा वाचक

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. गालगुंड! या वयात! शाळेत वर्गांचे ग्रुप फोटो काढायला गेलो होतो, तिथेच लागण झाली असणार. पहिल्या रांगेतला एक मुलगा फुगलेला दिसत होता. त्याला चार वेळा सांगितलं, गाल आत घे. घेतले नाहीत. आता कळलं का ते.

डॉक्टरांचे हुकूम: सूज उतरेपर्यंत खोलीबाहेर पाऊल नाही. आंबट बंद. बोलणं कमी. ताईला लहानपणी गालगुंड झालेलं नाही, त्यामुळे ती जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवते आणि पळते. घरात आम्ही दोघंच. मी अविवाहित, ती माझ्यामागे लागून दमलेली.

ठरलं. हा काळ वाया घालवायचा नाही. वाचन! स्टुडिओच्या धबडग्यात तत्त्वज्ञान राहूनच गेलं. लोकांना वाटतं एकटा माणूस कंटाळतो. मला कोणाची गरज नसते. बरा असताना नसते, आता तर मुळीच नाही.

रात्री ८. दिवसभरात एकही फोन नाही. उत्तम. उगाच वाचनात व्यत्यय आला असता. (वाचन उद्यापासून.)

५ मार्च

ताईने वाचनालयातून तत्त्वज्ञानाचे तीन खंड आणले. पहिला खंड छातीवर घेऊन आडवा झालो. दम लागला. दोष ग्रंथाचा नाही, साधनांचा आहे. ट्रायपॉडशिवाय कॅमेरा चालेल का? मग वाचन कसं चालेल?

ऑनलाइन ऑर्डर केली: लाकडी बुक-स्टँड, क्लिपचा दिवा, मानेची उशी, रेशमी गोंड्याचा बुकमार्क.

ताई दाराआडून म्हणाली की डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला चष्मा ड्रॉवरमध्ये तसाच पडलाय, तो लावला तर काही मागवावं लागणार नाही. मी म्हटलं, फोटोग्राफरची नजर हीच त्याची रोजीरोटी, चष्मे म्हातारी माणसं लावतात.

ताई चष्मा लावते. दुपारचं सूप गार आलं.

६ मार्च

पार्सल आलं. दिवसभर जोडाजोडी. खोलीला आता एखाद्या विद्वानाच्या अभ्यासिकेची कळा आलीये.

संध्याकाळी वाचायला बसलो. छपाई अत्यंत अस्पष्ट. प्रकाशकांचा हलगर्जीपणा. दिवा जवळ घेतला, लांब केला, पुस्तक हातभर लांब धरलं. अक्षरं मुंग्यांसारखी चालतात. अशा छपाईत तत्त्वज्ञान समाजापर्यंत पोचणार कसं?

ताईने रात्रीच्या ट्रेमधून एक रहस्यकथा पाठवली. दीपगृहातला खून. मुखपृष्ठावर ठळक लिहिलंय: ज्येष्ठ वाचकांसाठी, मोठ्या अक्षरांत. नाकाला मिरच्या झोंबल्या. पण एक कबूल करायला हवं, स्टँडवर ती शोभते. तीन खंड स्टँडखाली ठेवले, उंची अगदी अचूक झाली. म्हणजे तत्त्वज्ञान पायाशी आहेच.

७ मार्च

उजेड नेहमी खांद्यावरून यावा, हा माझा धंद्यातला पहिला नियम. म्हणून खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली. समोरच्या भिंतीवर गोल आरसा टांगला, सुजेवर लक्ष ठेवायला.

आरशात सुजेच्या मागे खिडकी दिसते. खिडकीत समोरच्या घराची खिडकी. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरचा फोन वाजला तर आपण उचलायला उठतो.

त्या खिडकीत एक बाई. वय माझ्याएवढंच, म्हणजे फार नाही. एक पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर. इकडेच बघत होती.

वळलो नाही. समोरून सध्या मी दोन चेंडू गिळलेला माणूस दिसतो. पाठमोरा मात्र आजही तिशीतला आहे. कोणाला वाटेल, मग कळवलं का नाही कोणी आजवर? लोक पाठीमागून बघत नाहीत, हाच तर प्रश्न आहे.

८ मार्च

ताईला स्टुडिओतून कपड्यांची पेटी आणायला लावली. ज्या गिऱ्हाइकांना फोटोत रुबाबदार दिसायचं असतं, त्यांच्यासाठी ठेवलेली. करडी फेल्ट हॅट काढली, पिसासकट. जांभळा रेशमी मफलर. सूजही झाकते आणि मागून पडतोही छान.

ताईने विचारलं, खोलीत बसून हॅट कशाला? म्हटलं, थंडी वाजते. म्हणाली, पंखा बंद कर मग.

वाचन झकास चाललंय. मधूनमधून पान उलटतो, नाहीतर ढोंग वाटेल. ती दिवसभर खिडकीत. मी पान उलटलं की जराशी पुढे सरकते.

९ मार्च, रविवार

दुर्बीण!!

तिने चक्क दुर्बीण आणलीये. डोळ्यांना लावून माझ्याकडे बघत होती. तासन् तास! ज्याला बघायला बायका दुर्बिणी लावतात असा मी अजून आहे, हे या गालांना सांगायला हवं.

ताईकडे सहज, अगदी सहज चौकशी केली. ती म्हणे बस चालवते. नवीन भाडेकरू. डेपोच्या पायऱ्यांवरून पडली. एकटीच असते, घरात बसायची सवय नाही, बिचारी कंटाळून गेलीये. ताईने विचारलं, तू का विचारतोस? म्हटलं, शेजारधर्म.

एकटीच असते.

पुस्तक नेमकं कुठवर आलंय ते बघितलं. दीपगृह-रक्षकाच्या बायकोने रात्री वादळात दार उघडलं, इथवर. पुढे वाचलं नाही. मन कुठे लागतंय!

१० मार्च

आज नजर आरशावरून हलली नाही. पान उलटायचं राहूनच गेलं. हरकत नाही, पुस्तक उघडं असलं की वाचनाचं वातावरण टिकतं.

दुपारी तिने हात वर करून हालचाल केली. तळवा असा, मग उलटा असा. पुन्हा पुन्हा. पंचवीस वर्षं माणसांचे चेहरे आणि हातवारे बघतोय, मला शिकवायला नको. अर्थ उघड आहे: वळा, जरा इकडे वळा.

अजून नाही. डावा गाल उतरतोय, उजवा अडून बसलाय. गूढता राखलेली बरी. फक्त अर्धी मान वळवून हॅटची कड दाखवली. तिने कपाळावर हात मारून घेतला. एवढा परिणाम!

११ मार्च

भावना तिच्याकडून आता लपत नाहीत. हातवारे, मग काठीने खिडकीच्या कठड्यावर टकटक, मग दोन्ही हात आकाशाकडे. मी दिवा जरा मागे वळवला, म्हणजे खांद्याला सोनेरी कड येते. तिने डोळ्यांवर हात घेतला.

रात्री झोप नाही. खरं सांगायचं तर ही वही माझीच आहे म्हणून लिहितो: समोर कोणीतरी आहे या नुसत्या गोष्टीने सकाळी उठावंसं वाटतं. कधीपासून असं वाटलं नव्हतं, आठवत नाही. वाक्य भाबडं झालंय. राहू दे.

१२ मार्च

उजवाही उतरला! जवळजवळ. आरशात बघता माणसाचा चेहरा म्हणायला हरकत नाही.

प्लॅन असा: उद्या दुपारी चार वाजता, जेव्हा आमच्या गल्लीतला उजेड सगळ्यात मऊ असतो, सावकाश उठायचं, सावकाश वळायचं, हॅट किंचित उचलायची. बोलायचं काही नाही. आरशापुढे सात-आठदा रिहर्सल केली. तीनचतुर्थांश बाजू चांगली येते.

ताईकडे इस्त्री मागितली. तिने दारातून विचारलं की डोक्यातही गेलीये का सूज.

१३ मार्च, दुपारी ४.३०

वाटोळं.

उठलो. वळायला सुरुवात केली. पूर्ण वळायच्या आतच पलीकडून आवाज आला. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज, ट्रॅफिकमधून काढायची सवय असलेला. अख्ख्या गल्लीने ऐकला. अहो, हलू नका, बसा खाली, आणि आता तरी ते पान उलटा! तीन दिवस झाले, त्या बाईने दार उघडलंय, कोण आलंय ते कळू द्या की!

खालचा फळवाला वर बघायला लागला. मी जमिनीवर बसलो. रांगत जाऊन पडदा ओढला.

म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती. ती वाचत होती. माझ्या खांद्यावरून. दुर्बिणीने. ज्येष्ठ वाचकांसाठीची मोठी अक्षरं!

रात्री. जेवण नको म्हटलं. ताई दाराबाहेर बसून होती. आज पहिल्यांदा पळाली नाही. समोर जाऊन त्या बाईला भेटून आली म्हणे. ती म्हणाली की पहिल्या दिवशी माझ्या स्टँडवर ते पुस्तक दिसलं आणि तिला जरा जीव आल्यासारखं झालं. पाय दुखायचा विसरली. आरशात दिसणारे माझे नुसते डोळे तिच्याकडे लागलेत हेही तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण आयुष्यभर आरशात बघूनच तर गाडी चालवते. पण तिने मनावर घेतलं नाही, वाटलं, बघेना का, पान उलटतोय तोवर.

ताई हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं. जाताना म्हणाली, तुझं काय व्हायचं ते होवो, पण ती बाई वादळात दार उघडून उभी आहे, तिचा तरी विचार कर.

१४ मार्च

सकाळी १०. पडदा बंद. मी स्वाभिमानी माणूस आहे.

११. पडदा बंद. पुस्तक स्टँडवर, मी खुर्चीत. खोलीत इतकी शांतता मला कधीच आवडली नव्हती, हे आज लक्षात आलं.

११.१५. पडदा उघडला. केवळ उजेडासाठी.

ती तिथेच होती. मी मान न वळवता, ताठ बसून, पान उलटलं. पलीकडून एवढा मोठा सुस्कारा आला की गोंडा हलल्याचा भास झाला.

संध्याकाळी. पद्धत बसली. पान संपलं की ती काठीने कठड्यावर एकदा टक करते. मी उलटतो. काही अडलं तर दोनदा. दोनदा झालं. मग ओरडून सांगितलं, टोपी काढा, वरच्या ओळी दिसत नाहीत. काढली. थोड्या वेळाने, दिवा बंद करा, कागद चमकतो. केला. मग गोंडा ओळीवर लोंबतोय, तो काढा. मफलरचं टोक फडफडतं, ते खोचा. मानेच्या उशीने माणूस हलतो, ती नको. रात्रीपर्यंत मी, एक गंजी आणि एक पुस्तक एवढंच शिल्लक राहिलं.

१६ मार्च

तिचा वेग भयंकर आहे. टक की टक. मी निम्म्यावर असतो तोवर पान उलटायची वेळ येते. मला अक्षरं लावायला वेळ लागतो हे तिला कळता कामा नये. छपाई या पुस्तकाचीही काही खास नाहीच. आज मी मान न वळवता कुरकुरलो की जरा थांबा. तिने विचारलं, तुम्हीही वाचताय होय?

उद्यापासून डॉक्टरांनी सुट्टी दिलीये. शेवटचं प्रकरण उरलंय. ती ओरडून म्हणाली की उद्या उसनी आणलेली दुर्बीण परत द्यायची आहे, तेव्हा मी पुस्तक घेऊन तिच्याकडेच यावं.

यावं! स्वतःहून म्हणाली!

मी शांत आहे. हॅटला ब्रश केला.

१७ मार्च, रात्री

सकाळपासून तयारी. हॅट, पीस, जांभळा मफलर, इस्त्रीचा कोट, फुलं, शोभेची छत्री. गाल जागेवर. ताईने वरपासून खालपर्यंत बघितलं, यावरून काय ते समजलो.

गल्ली ओलांडली, जिना चढलो, बेल वाजवली. बऱ्याच वेळाने कुबड्यांचा आवाज आला. दार उघडलं. मी हॅट उचलली. तीनचतुर्थांश बाजू.

तिने मला नीट बघितलं. मग म्हणाली की काही विकत घ्यायचं नाहीये.

मी म्हटलं, मी समोरचा. तिने विचारलं, समोरचा कोण? मी दहा दिवसांचा सगळा परिचय डोळ्यांत आणायचा प्रयत्न केला. काही उपयोग नाही. दार लागत चाललं.

मग दुसरा इलाज उरला नाही. हॅट काढली, वळलो, आणि तिच्या दारात पाठ करून उभा राहिलो. उभं आयुष्य लोकांना समोर बघा, समोर बघा म्हणून ओरडलोय.

मागून ती एवढी खुशीत ओरडली, अरे, तुम्ही होय! त्या टकलावरून लगेच ओळखलं! या, या, आत या. पुस्तक कुठंय?

हातात फुलं होती. छत्री होती. पुस्तक स्टँडवर होतं.

आणायला पळालो. जिन्यात असताना वरून तो डेपोचा आवाज आला की येताना चष्माही आणा, मान मागे ताणून वाचता ते रोज बघतेय, आणि आज मला डोळ्यांना विश्रांती हवीये, तुम्ही मोठ्याने वाचायचं.

ताईने ड्रॉवर उघडून चष्मा पुसून ठेवलाच होता. मी लावला. छपाई अचानक सुधारली. तत्त्वज्ञानाच्या खंडांचीसुद्धा.

शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. बरं वाचलं असावं, कारण ती मध्येच दोनदा म्हणाली, सावकाश. खून रक्षकाच्या भावाने केला होता. तिला ते चौथ्या प्रकरणातच कळलं होतं म्हणे. मी विचारलं, मग एवढी घाई कशाची होती? म्हणाली, एकटीला बरोबर ठरून काय उपयोग, कोणाला तरी सांगता यायला हवं ना.

वाचनालयात उद्या पुस्तक बदलून दुसरं आणायला जायचंय. तिने यादी नाही दिली, नुसतं सांगितलं, जाड आणा. हॅट तिच्याकडेच राहिली. तिने कुंडीवर ठेवलीये, चिमण्यांना दाणे घालायला बरी पडेल म्हणाली.