बुटांच्या खोक्यातली बाटली

चिमे,

तुझा फोन लागत नाही. खालचे शिंपीकाका मला दवाखान्यात नेतायत. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर मी महिनाभर आणखी एक कॅप्सूल घेत होतो. त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं, गुठळ्या विरघळवतं, हृदय ठणठणीत राहतं, असं वाचलं होतं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही," असं तू बजावलं होतंस, म्हणून बाटली बुटांच्या खोक्यात लपवली. ती घेऊन ये, मला वाकवत नाही.

सकाळपासून हिरड्यांतलं रक्त थांबायचं नाव घेत नाही. बेसिन धुतलंय, माझी उशी तेवढी बघू नकोस. आणि रागावू नकोस गं. अक्षर वेडंवाकडं आलंय, डाव्या हाताने लिहितोय. उजवा मघापासून ऐकत नाही.

बाबा