बीजगणित नावाची घोडी

कोचकोर, १९ एप्रिल

प्रिय सैकाल,

फोनवर तू ‘हो आई, बरी आहे आई’ याच्या पुढे जात नाहीस आणि मी ‘अभ्यास झाला का’ याच्या पुढे जात नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले. शहरात जाणाऱ्या गाडीवाल्याकडे पत्र देते आहे, सोबत कुरूतची, आपल्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. मोजून खा. तुझी बातमा मावशी अर्धे गोळे एका बैठकीत संपवेल आणि वर म्हणेल, यंदा खारटच झालेत बाई. परवा आपल्या करड्या घोडीला शिंगरू झालं. कपाळावर पांढरा ठिपका आहे, पाय अजून लटपटतात. बाबांनी नाव ठेवायचं काम तुझ्यासाठी राखून ठेवलंय. म्हणाले, आपल्याकडे भूगोल आहे, इतिहास आहे, बीजगणित आहे, रसायनशास्त्र तेवढं बाकी आहे, पोरीला विचार.

ती नावं ठेवलीस तो उन्हाळा मला गेले चार दिवस सारखा आठवतोय. नववीच्या गणितात तुला पाचपैकी दोन पडले होते आणि सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. मी वरच्या कुरणावर न्यायच्या तंबूच्या सामानात तुझी पुस्तकं कोंबली आणि तुझ्या बाबांशी भांडले. पोरगी पुस्तक उघडते न उघडते तोच तुम्ही तिच्या हातात बादली देता, अशानं ती काय शिकणार? ते डोकं खाजवत म्हणाले, मी काय करू, घोडीची कास लहान, दोन तासांत भरते. आता धार नाही काढली तर संध्याकाळी कुमीस आंबवायला दूध तुझं बीजगणित देणार आहे का? तूही त्यांचीच मुलगी. एवढी हसलीस की लाथा मारणाऱ्या तांबड्या घोडीचं नावच बीजगणित पडलं. तिला तू भीतीनं शेवटी ठेवायचीस. तोवर तुझे हात दमलेले असायचे आणि बादली हमखास सांडायची. मग बाबांनी तिला पहिल्या नंबरावर आणली. लाथाळ जनावराची धार ताज्या हातांनी काढायची, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तू गणितही सकाळी पहिलं घ्यायला लागलीस, आणि मला मात्र वाटलं की माझ्या ओरडण्याचा परिणाम झाला.

दोन धारांच्या मध्ये तू एकच धडा वाचायचीस. मग पुस्तक मिटून उठायचीस आणि धार काढता काढता तो धडा घोडीला सांगायचीस. शिंगरू धरून मी शेजारीच उभी असायची, त्यामुळे वर्गसमीकरण मलासुद्धा पाठ झालं. सांगताना अडलीस की ‘थांब गं, बघून येते’ असं घोडीला म्हणायचीस आणि परत गेल्यावर फक्त तेवढंच बघायचीस. शेवटची धार झाली की पुस्तकाला हात नाही. पोरांबरोबर उताराला घोडे पळवायचे, पोटभर जेवायचं आणि ओंडक्यासारखं झोपायचं. सप्टेंबरात पाचपैकी पाच आणलेस. सगळ्या गावाला मी सांगितलं, बघा, आईनं मागे लागलं की काय होतं ते.

आणि मग मी ती चूक केली. मला वाटलं, बादली असताना पोरगी पाच आणते, बादली नसेल तर काय करील. म्हणून अकरावीला तुला बिश्केकला मावशीकडे पाठवलं. गुरं नाहीत, शेण नाही, पाणी भरणं नाही, नुसता अभ्यास. वेळापत्रकही मीच करून दिलं. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत, जेवायला वीस मिनिटं, पाठ टेकायला वेळच नाही. लाल पेनानं रेघा मारताना मला केवढा अभिमान वाटत होता. अगं, मी जन्मभर घोड्यांमध्ये राहिले. शिंगरानं तोंड लावल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही आणि दोन तास गेल्याशिवाय कास भरत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. दिवसभर कास ओढत बसणाऱ्या माणसाला मी वेड्यात काढलं असतं. पोटच्या पोरीला मात्र मी तेच करायला लावलं.

ते वेळापत्रक फाडून टाक. उद्यापासून दर दोन तासांनी मी मिस्ड कॉल देईन. उचलू नकोस. तेव्हा पुस्तक मीट, ऊठ, पाणी पी, खिडकीशी उभी राहा आणि जे वाचलंस ते मोठ्यानं सांग. ऐकायला कोणी नसेल तर मावशीच्या मांजराला सांग. बातमा हसली तर हसू दे, तिनं कधी धार काढलेली नाही. संध्याकाळचा शेवटचा कॉल आला की पुस्तकं बंद. मग चौकात जा, मैत्रिणींबरोबर भटक, आईच्या चुगल्या कर.

आता खरं लिहायचं ते लिहिते. बुधवारी बातमाचा फोन आला होता. प्रवेशाच्या सराव परीक्षेत तू नाव लिहिलंस, अर्धा तास बसलीस आणि कोरा पेपर ठेवून उठलीस. आईला सांगू नको म्हणून तिचे हात धरलेस. म्हणालीस, आईनं लग्नासाठी, माझ्यासाठी मेडिकल सोडलं, तिला हे कळलं तर ती जगणार नाही. सैकाल, मी तुझ्यासाठी काहीही सोडलेलं नाही. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मीही नाव लिहिलं होतं, मलाही पुढचं काही दिसेना, आणि मीही कोरा पेपर ठेवून उठले. बाहेरच्या बाकावर मी रडत होते तेव्हा तुझे बाबा शेजारी येऊन बसले. त्यांच्याजवळचं कुरूत तेवढं पुढे केलं. गावी आल्यावर माझी फजिती होऊ नये म्हणून त्यांनीच सगळीकडे सांगितलं, ‘लग्नाची घाई मी केली, हिला शिकू दिलं नाही.’ एकोणीस वर्षं ते तो बोल ऐकून घेताहेत. तूसुद्धा किती वेळा ऐकवलंस त्यांना, आणि मी भांडी घासत राहिले. आता त्यांना काही बोलू नकोस. माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण बघ, कोरा पेपर ठेवून उठलेली बाई जगते, तिला चांगला नवरा मिळतो, तुझ्यासारखी मुलगी होते. परीक्षा यंदा दे किंवा पुढच्या वर्षी दे, तिथे राहून दे किंवा घरी येऊन दे, तू म्हणशील तसं. शनिवारी मी येतेय. दार उघड आणि एक धडा मला सांगायला घे. अडलीस तर अडू दे, शिंगरू धरून मी शेजारी उभी आहे.

तुझीच, कोरा पेपर ठेवून उठलेली,
आई