पदवीचा रकाना

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
१२ सप्टेंबर

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, ते वगळून). तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनींनी कळवलं. आता बारीक अक्षरही दिसतं म्हणे, तेव्हा फोन न करता पत्रच लिहिते. दुसरंही कारण आहे, पण ते सावकाश. आमच्याकडे सगळं ठीक. हे (तुझे मेहुणे) सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली, तरी सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात येऊन पेपर उघडतात.

तर बातमी अशी की साठी उलटल्यावर मी विद्यापीठात जाते आहे. घाबरू नकोस, पदवीसाठी नव्हे. एक विषय, एक सत्र, आठवड्याला तीन तास. असल्यांना इथे 'नॉन-डिग्री विद्यार्थी' म्हणतात. लग्नाला आलेल्या शेजाऱ्यांसारखं असतं ते: पंगतीत पोटभर जेवायचं, पण फोटोला कुणी बोलवत नाही. विषय संख्याशास्त्र. (इथे तू चष्मा काढून पुसला असशील.) पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने पालकांची बैठक शनिवारी आहे असं सांगून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर साठ मुलं उठून उभी राहिली. मी इतकी गोंधळले की 'बसा' म्हणाले, आणि ती बसली की रे! पाच मिनिटांनी खऱ्या मॅडम आल्या (आमच्या लेकीपेक्षा, ईरापेक्षा, तीन वर्षांनी लहान), त्यांच्यासाठी कुणी जागचं हललं नाही.

आता मात्र रुळले आहे. शेजारच्या बाकावर ईशान नावाचा मुलगा बसतो. मी गणितं पायऱ्यापायऱ्यांनी पूर्ण लिहिते म्हणून त्याला माझी वही लागते. आमच्या गटाला काम मिळालं की थांब्यावर किती बस थांबतात आणि किती न थांबता जातात, ते मोजायचं. बाकीचे मोबाइलमध्ये, त्यामुळे वही-पेन घेऊन तीन दिवस मीच उभी. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरांना मी तपासनीस वाटले आणि झाडून सगळ्या बस थांबायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, मोजणाऱ्यामुळे मोजमापच बिघडलं. मागच्या आठवड्यात चाचणी झाली. माझा पेपर तपासायची त्यांना गरज नव्हती, पण त्यांनी तपासला. पंचवीसपैकी अठरा. दादा, मी कँटीनमध्ये इडली पुढ्यात ठेवून रडले. ईशानला वाटलं मार्क कमी पडले, त्याने बिचाऱ्याने आपली कॉफी मला दिली.

का रडले ते तुला सांगायला नको, पण एकदा लिहूनच टाकते, कारण अडतीस वर्षांत आपण दोघं यावर अक्षर बोललो नाही. निकाल लागायच्या आधीच बाबांनी लग्नपत्रिका छापून घेतली: चि. सौ. कां. वसुमती, बी. एस्सी. लग्नाच्या चार दिवस आधी निकाल लागला आणि मी संख्याशास्त्रात आपटले. बाबा म्हणाले, ऑक्टोबरला पुन्हा बसेल, छापलेलं खोडायचं कशाला. ऑक्टोबरात मी इथे, उलट्यांनी बेजार, आणि पुढे ईरा. पत्रिकेतली पदवी तशीच राहिली. हे अजूनही लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात, आमच्या मिसेस संख्याशास्त्राच्या पदवीधर. सोसायटीत टँकरच्या पाण्याची सरासरी काढायची झाली की सगळे माझ्या दारात. या वर्षापर्यंत मी तोंडाने कधी खोटं बोलले नव्हते, नुसतं ऐकून घेत आले. पण त्याची लाज कमी वाटते असं नाही.

प्रवेशाचा फॉर्मही यांनीच भरला, मी शेजारी बसले होते. पदवीच्या रकान्यात त्यांनी न विचारता बी. एस्सी. टाकलं आणि मी (इथल्या पद्धतीने) 'सरी', म्हणजे 'बरं', म्हटलं. तेव्हापासून विद्यापीठाच्या ऑफिसातले जयतीर्थ पदवीचं प्रमाणपत्र मागताहेत. मी आधी कागद माहेरी आहे म्हटलं, मग वाळवीने खाल्ला म्हटलं, मग महापुरात वाहून गेला म्हटलं. त्या भल्या माणसाने डुप्लिकेटसाठी अर्ज कसा करायचा त्याचा नमुनाच छापून हातात ठेवला. शेवटी सोमवारी त्यांना खरं सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा, तेही खिडकीच्या जाळीतून. त्यांनी मान वरही केली नाही. "स्वल्प इरी, अम्मा," म्हणजे जरा थांबा, म्हणाले, नियमांचं पुस्तक चाळलं, आणि साठीच्या पुढच्यांना पदवी लागतच नाही, बारावी पुरते, असं सांगितलं. मात्र फॉर्मवर एकदा बी. एस्सी. लिहिलंय, तेव्हा ते दुरुस्त करायला शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका हवी. वीस तारखेच्या आत, नाहीतर नाव कमी होईल. म्हणजे ज्या खोट्याची कुणाला गरजच नव्हती, ते निस्तरत मी महिनाभर हिंडते आहे.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, मुकुलला आशीर्वाद.

तुझी,
वसू

ता. क. : ती नापासाची गुणपत्रिका बाबांच्या फायलीत असणार, तू काही फेकणाऱ्यातला नाहीस. स्पीडपोस्टाने पाठव. यांना कळू देऊ नकोस, म्हणून तर फोन केला नाही. पाकिटात वहिनींच्या मेतकुटाची पुडी घाल, म्हणजे कशाचं पार्सल असा प्रश्न येणार नाही.

ता. क. दुसरा (१३ तारीख, सकाळ) : पाकीट बंद करताना हात थांबला आणि यांना सगळं सांगून टाकलं. नापास झाले त्याचं त्यांना काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बिंदुमाधवांना ठाऊक होतं?" म्हटलं, हो, दादाला ठाऊक होतं. "वहिनींना?" हो. "म्हणजे मला एकट्यालाच नव्हतं." मग पिशवी घेऊन भाजीला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन आले. तेव्हापासून माझ्याशी परक्या घरी आल्यासारखे गोड बोलताहेत. पाणी हवं का म्हणून मला विचारतात. दादा, ओरडले असते तर परवडलं असतं.

तेव्हा वर लिहिलेलं खोडून टाक. पुडी नको, लपवाछपवी नको. गुणपत्रिकेचं पाकीट यांच्या नावाने पाठव. त्यांनी उघडावं, त्यांनी आधी वाचावं, आणि वाटेल तेव्हा माझ्या हातात द्यावं. वीस तारीख हुकली तर हुकली.