दहापैकी दोन एन्थुझिॲझम

५ मे, सोमवार. संध्याकाळी.
कुरकुंभच्या केमिकल कंपनीत सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर आहे. महिनाअखेर परमनंटची यादी लागणार. त्यात नाव आलं तर आयुष्य मार्गी. आज शिफ्ट इनचार्ज सत्यजीत साहेबांनी माझा फॉर्म दाखवला. एन्थुझिॲझम: दहापैकी दोन. मला! फेरतपासणी २२ तारखेला. संतापानं जेवणच गेलं नाही. तीन भाकरींवर उठलो.

६ मे.
आधी अर्थ काढायचा. मी मुळाशी जाणारा माणूस. ड्यूटीवर मोबाईलमध्ये शोधलं. अर्धाच तास लागला, तरी साहेब उगीच ओरडले. नुसता उत्साह नव्हे. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ: आत देव असणं. म्हणजे अंगात आलेला माणूस! अहो, हे तर आमच्या घरातलंच. चुलती बानूबाईच्या अंगात दर अमावस्येला बिरोबा येतो. एन्थुझिॲझम माझ्या रक्तात आहे, साहेबांना मोजता आला नाही एवढंच.

८ मे.
आणखी वाचलं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द शिवीसारखा वापरायचे. धर्माच्या नादानं डोकं फिरलेल्यांना. त्या हिशोबानं दोन मार्क म्हणजे कौतुकच. बायकोला हे नीट समजावलं. मोनिका म्हणाली, ते ग्रीक ऱ्हाऊ द्या, रोज कंपनीची बस चुकवताय ते बघा आधी. तिला भाषेची आवड नाही.

११ मे, रविवार.
दौंडहून निमोण्याला गेलो. चुलतीला विचारलं, देव अंगात आणायचा कसा? रीतसर काही पद्धत? ती हसून हसून बेजार. म्हणाली, आरं सुरज, देव काय एस्टी हाय व्हय, हात केला की थांबायला? आलायस तर मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या झाड. पाठ दुखत होती. लिंबाखाली जरा टेकलो. दोन तासांनी जाग आली तर उजवा पाय बधिर, नुसत्या मुंग्या. नोंद: लक्षणं सुरू झाली. निघताना चुलतीनं भंडाऱ्याची पुडी दिली.

१३ मे.
आजपासून पहाटे गार पाण्यानं अंघोळ. एकच वेळ जेवण. मटण बंद.

१४ मे.
मोनिकानं मटण केलं होतं. तिचं मन मोडवेना. अंघोळ दुपारी.

२२ मे. रात्री नको, आत्ताच लिहितो.
फेरतपासणी. भंडाऱ्याची पुडी गेटवर सिक्युरिटीनं पकडली. कसली पावडर, कुठल्या प्लँटमधली? नमुना लॅबला. तासाभरानं रिपोर्ट: हळद. तोवर माझा नंबर गेलेला. तरी साहेबांनी आत घेतलं. विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? म्हटलं हीच वेळ. डोळे मिटले आणि घुमायला लागलो. झकास घुमलो. साहेबांना वाटलं, मला गॅस लागला. सायरन! अख्खा प्लँट मैदानात. मला ऑक्सिजन लावला. मास्कमधून मी ग्रीक अर्थ सांगत होतो, पण ऐकतो कोण. एकंदरीत छाप पडली.

३१ मे.
यादी लागली. माझं नाव नाही. माझ्याच शिफ्टच्या हेल्पर भिमाचं आहे. तो कधी बस चुकवत नाही, बाकी त्याच्यात काय आहे? कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, तब्येत सांभाळा, गेटपास जमा करा. विचार करून कळवतो म्हणालो. फोन ठेवला. मोनिकाला सांगायला संध्याकाळ झाली. वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. म्हणाली, पॅकिंगला बायका घेत्यात म्हणं, उद्या इचारून येते.

५ जून.
मोनिकाचा पहिला दिवस. सहाची बस. काल ठरवलं होतं, चारला उठायचं, तिला चहा करून द्यायचा, स्टॉपपर्यंत सोडायचं. उठलो साडेआठला. ती गेलेली. ओट्यावर माझा डबा भरून ठेवलेला, सहा वर्षांच्या सवयीनं. अंघोळ केली. डबा उचलला. चपला घातल्या. दारात उभा आहे. जायचं कुठं?