आगाऊ परीक्षण

३ फेब्रुवारी
उद्यापासून रोज पहाटे रियाज. इंजिनिअरिंग, पर्यावरण सल्ला, पत्रकारिता झाली. बायको म्हणते, तिन्हीकडून हाकललं. चूक. तिन्ही क्षेत्रं पचवली. आता संगीत. मुलीच्या व्हायोलिनच्या बाईंनी वार्षिक कार्यक्रमात मलाही दहा मिनिटं दिलीत. पाठपुरावा करावा लागला, पण दिली.

४ फेब्रुवारी
उठलो नाही. थंडीत बोटं आखडतात, हे शास्त्र आहे. मुलगी मात्र शाळेआधी वाजवत बसली. झोपेचं खोबरं. तिला तेही सांगितलं, आणि हेही, की हातात सूर नाही, नुसती घोकंपट्टी आहे. बापानेच स्पष्ट बोलावं. ती बरं म्हणाली आणि दार लावून पुन्हा सुरू.

९ फेब्रुवारी
माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या सारख्या सरकतात, तार उतरते. वादक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या खुंट्या पिळत बसलीत, एकालाही साधा उपाय सुचू नये? सूर लावला आणि चारही खुंट्या गोंदाने पक्क्या केल्या. काम फत्ते.

१४ फेब्रुवारी, दुपार
आज कार्यक्रम. तो सुरू होतो सातला, आणि माझ्या जुन्या पेपरचं सांस्कृतिक पान सहालाच छपाईला जातं. म्हणून परीक्षण आधीच लिहायचं, ही आमची जुनी पद्धत. टोपणनावाने पाठवलं. माझ्याबद्दल 'श्रोते भारावले'. सगळंच गोड असलं की संशय येतो, म्हणून मुलीबद्दल एक ओळ कडू: 'हातात सूर नाही, नुसती घोकंपट्टी.'

१५ फेब्रुवारी, सकाळ
हॉलच्या एसीने सूर हलला. खुंट्या हलेनात. लोक हसले. संगीताची जाण नाही.
मुलगी माझ्या आधी वाजवून गेली. टाळ्या मोजायला ध्वनिमापक नेला होता (सल्लागार कंपनी सोडताना चुकून माझ्याबरोबर आलेला). तिच्या वेळी आकडा भलताच चढला. यंत्र बिघडलंय.
मी अडलोय हे पाहून ती स्टेजवर आली आणि स्वतःचं व्हायोलिन पुढे केलं. "बाबा, माझं घे." लहान मापाचं. सगळ्यांसमोर. हात झटकून परत पाठवली.

दुपार
परीक्षण छापून आलं. मुलीने मोठ्याने वाचायला घेतलं, घोकंपट्टीपाशी थांबली. मी म्हणालो, लिहिणारा जाणकार दिसतो. तिने पेपरची नीट घडी घातली.  

२ मार्च
मुलीने बाईंनी वापरायला दिलेलं व्हायोलिन त्यांना परत केलं. बाई घरी आल्या, तिने खोलीचं दार उघडलं नाही. बाईंना म्हणालो, पोरीत चिकाटीच नाही, एक धड करत नाही. बाई चहा तसाच ठेवून गेल्या.

३ मार्च
पहाटे आपोआप जाग आली. रियाजाला उत्तम वेळ, पण खुंट्या. तिच्या खोलीबाहेर ध्वनिमापक धरला. आकडा आवाजाच्या मर्यादेच्या खूप खाली. म्हणजे यंत्र ठीक आहे.
दार लोटलं. ती जागीच होती, भिंतीकडे तोंड करून.
"बाबा, आता झोप लागते ना तुला?"
हो म्हणालो.