आधी जाय, मंग जेव

माय,

मला स्वतःची किळस आली आहे, आणि हे सांगायला सतरा वर्षांपूर्वी गेलेल्या तुझ्याशिवाय दुसरं कोणी सापडलं नाही. गेल्या रविवारी चिखलीच्या आपल्या चर्चमध्ये मी साक्ष दिली. ज्याचा विश्वास खरा तो आज्ञा पाळतो, असं अर्धा तास छाती काढून सांगितलं. लोक माना डोलवत होते. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच, आणि मला त्याची शाबासकीही मिळते.

तुला तो रविवार आठवतो का? नळावरच्या पाळीवरून शेजारच्या काकूशी तुझं कडाक्याचं भांडण झालं होतं. प्रभुभोजनाच्या भाकरीचे तुकडे असलेलं तबक आपल्या रांगेपर्यंत येतं आणि तू उठतेस, पदर सावरतेस, चालू उपासनेतून थेट तिच्या दारी माफी मागायला जातेस. तिनं तर दारही धड उघडलं नव्हतं. तू परत येईपर्यंत भाकर संपलेली. "पुढच्या महिन्यात घ्या," पाळक म्हणाले. मी लाजेनं अर्धमेला झालो होतो. घरी तू पीठ मळायला बसलीस, तेव्हा चिडून विचारलं, "काऊन गेली व माय, सगळ्यायच्या समोर?" तू मान वर न करता म्हणालीस, "प्रभूनं सांगतलं, कोणाशी भांडण असंन तं आधी जाय, मंग जेव. आपण आधी जेवून घेतलं तं त्याचं ऐकलं कुठं?"

आणि मी? तुझ्या मातीच्या दिवसापासून धाकट्या भावाशी बोललेलो नाही. शेवटचे चार महिने तू उंद्रीला त्याच्याकडे अंथरुणाला खिळली होतीस. तुझे कपडे तो धूत होता, तुझं अंग तो पुसत होता. मी यायचो, उंबऱ्यातच उभा राहून नाकाला रुमाल लावून प्रार्थना करायचो आणि बस चुकेल म्हणून निघायचो. तुला माती दिल्यावर तो सगळ्यांदेखत बोलला, "माय घाणीत पडेल होती, अन् हा लोकायच्या घरी प्रार्थना करत फिरे." त्याला एक वचन धड पाठ नाही. पण बोलला ते खरं होतं, म्हणून तर इतकं झोंबलं.

गेल्या रविवारी, माझ्या साक्षीच्या वेळी, तो उंद्रीहून आला होता, शेवटच्या बाकावर बसला होता. साक्ष संपल्यावर तबक घेऊन मीच फिरलो, आता चर्चचा पंच आहे ना मी! त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात लावला नाही. हळूच म्हणाला, "दादा, आधी बोल माह्याशी, मंग घेतो." मी तबक शेजारच्या माणसाकडे सरकवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? उंद्रीची बस मात्र आमच्या फाटकावरून जाते, तासाभराचाही रस्ता नाही. तुला लिहिणं सोपं, तू उलटून बोलत नाहीस. एक सांगायचं राहिलं. त्यानं न घेतलेला तो तुकडा तबकात तसाच उरला होता. उपासना संपल्यावर मीच तो खाल्ला.